फूटरमधली माजरी

ऑनलाइन दुकानासाठी थीम शोधायला बसलात की सगळ्यात आधी तुम्हाला एक दुकान दाखवतात, जे कुठेच नसतं. त्याला डेमो म्हणतात. डेमोतल्या दुकानात कायम सकाळचं कोवळं ऊन असतं. लाकडी टेबल, त्यावर मातीची बरणी, बरणीत काहीतरी महागडं. खाली तीन गिऱ्हाइकांचे अभिप्राय, तिघांचेही पाच-पाच तारे. दुकानाने अजून एकही वस्तू विकलेली नाही आणि गिऱ्हाइकं मात्र खूश आहेत. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'फक्त ३ शिल्लक'. कशाचे तीन, ते अजून ठरायचंय.

थीम विकत घेतली किंवा फुकट उतरवली, की हा डेमो आपल्यासोबत घरी येतो. जे डोळ्यांत खुपतं ते आपण बदलतो. लोगो, फोटो, भाव. जे खुपत नाही ते तसंच राहून जातं. म्हणून तर 'निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या दारी' छापाचं वाक्य तुम्ही इतक्या दुकानांत वाचलेलं असतं. दुकान लोणच्याचं असो की साबणाचं, कुशी तीच. ते वाक्य दुकानदाराने लिहिलेलं नसतं, त्याने ते फक्त पुसलेलं नसतं. आपण जे बोललो नाही, पण पुसलंही नाही, त्याची जबाबदारी कुणाची?

माझ्यापुरता हा प्रश्न कुरडयांचा आहे. मी माजरीत राहते. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वरोरा आणि भांदकच्या मध्ये माजरी जंक्शन लागतं. तिथून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे जातो. बहुतेकांना माजरी खिडकीतून दिसते तेवढीच माहीत असते: कोळशाच्या वाघिणी, काळपट झाडं, आणि गाडी पुढे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या एका क्षेत्राचं नावच माजरी आहे, भोवताली उघड्या खाणी आहेत. माझी मामी आणि तिच्या बचतगटातल्या सात जणी मिळून कुरडया, सरगुंडे, मूगवड्या, जवसाची चटणी आणि मोहफुलाचे लाडू करतात. आतापर्यंत विक्री ओळखीपाळखीत, एखाद्या प्रदर्शनात आणि व्हॉट्सअॅपवर चालायची. यंदा वेबसाइट करायचं ठरलं. घरात कॉम्प्युटर शिकलेली मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं.

फुकट थीम पुष्कळ मिळतात. शॉपिफायची डॉन आहे, वूकॉमर्सची स्टोअरफ्रंट आहे, दोन्ही साध्या आणि बऱ्या. पैसे मोजायची तयारी असेल तर मग यादीला अंतच नाही. मी सहा थीम निवडून मामीच्या अंगणात मोबाइल फिरवला. सगळ्यांचं बोट एकीवर पडलं. हिरवी. उघडताक्षणी पूर्ण स्क्रीनभर जंगल, झाडांतून उतरणारी किरणं, मधोमध मोठं शीर्षक लिहायला जागा. खाली पानांची तीन चित्रं. अगदी तळाशी, राखाडीवर राखाडी अक्षरांत, पत्ता.

"शीर्षकात काय लिहू?" मी विचारलं.

"चंद्रपूरच्या जंगलातून," एक वहिनी म्हणाल्या. सगळ्यांना पटलं.

मामी हसत सुटली. "जंगलात तं मी एकडाव गेली. सहलीले."

आता यात खोटं काय आहे ते दाखवा बघू. चंद्रपूर जिल्ह्यात जंगल आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पुण्या-मुंबईचे लोक हजारो रुपये मोजून तिथे वाघ बघायला येतात. आमच्या लाडवांचं मोहफूल सिंदेवाहीकडच्या एका ओळखीच्या बाईकडून येतं, आणि ती ते खरंच पहाटे उठून झाडाखाली वेचते. म्हणजे पाच जिनसांपैकी एक जिन्नस जंगलातून येतो. वकील लावला तर वाक्य टिकेल.

पण त्याच जिल्ह्यात दुसरं चंद्रपूर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ पडले आणि देशात चौथा नंबर आला. शाळेत एवढे गुण पडले असते तर पेढे वाटले असते. हे दोन्ही चंद्रपूर खरे आहेत आणि आम्ही दोन्हींमध्ये राहतो. कुरडया मात्र दुसऱ्यातल्या आहेत, आणि थीमच्या पहिल्या पडद्यावर जागा एकाच चंद्रपूरला आहे.

थीम निवडण्यात कसलं आलंय पाप-पुण्य, असं मला एका मित्राने विचारलं. बटण गोल ठेवलं काय नि चौकोनी ठेवलं काय! बटणापुरतं मला मान्य आहे. पण रंग आणि बटणं हा थीमचा वरवरचा भाग झाला. खरं म्हणजे थीम क्रम ठरवते: आधी काय दिसणार, किती मोठं दिसणार, काय दिसायला अंगठा सहा वेळा वर सरकवावा लागणार. मोबाइलवर तर हा क्रमच सगळं आहे. पहिल्या पडद्यावर जे असतं ते दुकान स्वतः म्हणतं. तळाशी जे असतं ते दुकान विचारलं तरच सांगतं.

आपल्याकडे याला फार जुनी म्हण आहे, नरो वा कुंजरो वा. कीर्तनात ऐकलेली गोष्ट अशी. द्रोणाचार्यांना हरवायचं तर त्यांच्या हातातलं शस्त्र खाली पडायला हवं, आणि मुलगा गेला असं कळल्याशिवाय ते पडणार नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतात. युधिष्ठिर कधी खोटं बोलत नाही, म्हणून द्रोण त्यालाच विचारतात. तो म्हणतो, अश्वत्थामा मेला. मग हळूच पुटपुटतो, माणूस की हत्ती कोण जाणे. तेवढ्यात शंख वाजतात. शब्दागणिक पाहिलं तर युधिष्ठिर खोटं बोललाच नाही. तरीही त्याचा रथ, जो तोपर्यंत जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा, त्या क्षणी जमिनीला टेकला.

आपण ही गोष्ट 'अर्धसत्य' म्हणून सांगतो, पण मला ती आवाजाची गोष्ट वाटते. दोन्ही वाक्यं बोलली गेली. एक मोठ्याने, एक हळू. हळू बोललेल्या वाक्यावर शंख वाजले. वेबसाइटच्या भाषेत सांगायचं तर 'अश्वत्थामा मेला' हे हिरो बॅनर आहे आणि 'हत्ती' हे फूटर. राखाडीवर राखाडी रंगातली बारीक अक्षरं म्हणजे पुटपुटणं. वरचं जंगल म्हणजे शंख. द्रोण फसले ते कुठल्याही खोट्या शब्दाने नव्हे. काय मोठ्याने म्हणायचं आणि काय हळू, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं, त्याने फसले.

खरं बोलण्याच्या बाबतीत ज्याचा दाखला जगभर देतात तो जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याच गल्लीतून गेलेला आहे. १७९४ साली प्रशियाच्या राजाने त्याला धर्मावर लिहिण्याबद्दल तंबी दिली. कांटने लिहून दिलं की, आपला निष्ठावान प्रजाजन या नात्याने मी यापुढे या विषयावर लिहिणार नाही. १७९७ साली राजा वारला. कांट म्हणाला, आता मी त्या राजाचा प्रजाजन राहिलो नाही, आणि लिहायला मोकळा झाला. 'प्रजाजन या नात्याने' हे शब्द त्याने मुद्दाम घातले होते. गंमत म्हणजे १७९७ सालीच त्याचा तो प्रसिद्ध निबंध आला, ज्यात खुन्याशीसुद्धा खोटं बोलू नये असं तो म्हणतो. खोटं बोलायचं नाही, पण समोरच्याची समजूत चुकीची झाली तर होऊ द्यायची, ही सवलत त्याने स्वतःला दिली. समोर राजा होता, हातात सत्ता त्याच्या होती, म्हणून मी कांटला माफ करायला तयार आहे. माझ्या समोर मात्र राजा नाही. पुण्याच्या फ्लॅटमधली, आईच्या हातच्या कुरडयांची आठवण येणारी एक बाई आहे.

तुम्ही म्हणाल, सजावट म्हणजे फसवणूक नव्हे. बरोबर आहे. मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हाचे पोहे रोजच्या पोह्यांसारखे नसतात, आणि ते पाहुण्यांनाही माहीत असतं. लग्नाचा बायोडेटा हाही एक टेम्प्लेटच आहे, त्यातलं 'गृहकृत्यदक्ष' कुणी शब्दशः घेत नाही. दोन्ही बाजूंना खेळ ठाऊक असेल तर त्यात कुणी फसत नाही. पण वरोऱ्याच्या बाजारात बसलेल्या बाईकडून कुरडई घेताना गिऱ्हाईक ती उचलतं, वास घेतं, कोपरा मोडून बघतं, बाईच्या लुगड्याकडे आणि हातांकडे बघतं, मग भाव पाडतं. मोबाइलवर यातलं काहीच नाही. नाक, बोटं, जीभ, सगळ्यांचं काम एकटा डोळा करतो, आणि डोळ्याने कुठून कुठे जायचं तो रस्ता आम्ही आखलेला असतो. बाजारात सजवणाऱ्यापेक्षा इथे सजवणाऱ्यावर जास्त भार आहे, असं मला वाटतं.

म्हणून मी एक साधी कसोटी लावली. समजा ती पुण्याची बाई एखाद्या दिवशी माजरी जंक्शनला उतरली आणि चालत आमच्या गल्लीत आली. साइट बघून तिच्या डोक्यात जे चित्र तयार झालं होतं ते आणि समोरचं गाव यांत तिला अंतर दिसेलच. फोटोत आणि प्रत्यक्षात अंतर असतंच. पण ती हसेल, की तिला फसवल्यासारखं वाटेल? हिरव्या थीमचं उत्तर स्वच्छ होतं. ती पुढच्या गाडीने परत जाईल.

मामीला मी हे सांगितलं. तिचं म्हणणं दुसरंच होतं. "माजरी लिहिलं तं कोण घेईन वो बाई? लोक म्हणतीन, कोयशाच्या धुळीत वाळवल्या कुरडया."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आठ घरांत या पैशातून शाळेची फी जाते. एकीचा नवरा कंत्राटी कामावर आहे, कधी काम असतं, कधी नसतं. वेबसाइटवर प्रामाणिक राहण्याचं सुख माझं, आणि त्याची किंमत मोजायची त्यांनी, असा हा हिशोब होऊ शकतो. दुसऱ्याच्या पैशाने सत्यवादी होणं सोपं असतं. या एका मुद्द्यापाशी मी बरेच दिवस अडले होते.

माजरीपासून जवळच, वरोऱ्याला, आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना घेऊन वसाहत उभी केली, जमीन कसली, भाजी पिकवली. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घ्यायला तयार नव्हते. रोगाची भीती. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन तिथे राहिले, त्यांनी इमारती बांधायला हात लावला, आणि ते बिनधास्त राहता-वावरताना पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. समजा त्या काळात कुणी ती भाजी दुसऱ्या गावच्या नावाने विकली असती, तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं का? माझी जीभ अडखळते. कारण भीती निराधार होती. भाजीत काही दोष नव्हता.

मग माजरीचं नाव झाकणं आणि ते, यांत फरक काय? फरक असा की आमच्या हवेत धूळ खरंच आहे. गच्चीवर सकाळी पुसलेल्या खाटेवरून संध्याकाळी बोट फिरवा, बोट काळं होतं. खाण्याच्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात येणारी ती शंका अडाणीपणाची नाही, रास्त आहे. रास्त शंकेला उत्तर द्यायचं असतं. आणि गंमत अशी की आमच्याकडे उत्तर आहे! गेली कित्येक वर्षं या बाया माजरीत कुरडया वाळवतच नाहीत. गहू तीन दिवस माजरीत भिजतो, रोज पाणी बदलतात, वाटून चीक काढतात. मग पहाटे चारला चिकाचे डबे ऑटोत घालून मामीच्या बहिणीच्या शेतावर नेतात. तिथे चूल पेटते, चीक शिजतो, गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पडतात आणि शेतातल्या उन्हात वाळतात. दोन दिवसांनी कडक झाल्या की डबाबंद होऊन परत. ऑटोचं भाडं परवडत नाही म्हणून दर वर्षी भांडण होतं आणि दर वर्षी ऑटोच ठरतो.

म्हणजे या दुकानातलं सगळ्यात भरवशाचं वाक्य असं होतं: माजरीच्या हवेत कोळशाची धूळ असते, म्हणून आमच्या कुरडया माजरीत वाळत नाहीत. पण जंगलाच्या फोटोखाली या वाक्याला अर्थच उरत नाही. जंगलात राहणारी बाई ऑटो करून ऊन शोधायला कशाला जाईल? चांगली गोष्ट सांगायची तर आधी वाईट गोष्ट मोठ्याने सांगावी लागते, आणि हिरव्या थीमला वाईट गोष्टीसाठी खणच नाही. मामीने हे ऐकून घेतलं आणि आठवडाभर विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच म्हणाली, "ऑटोचा फोटो टाक. भाडं देऊन देऊन जीव गेला, दिसू दे लोकायले."

एवढं ठरल्यावर बाकीचं झपाट्याने मार्गी लागलं. 'फक्त ३ शिल्लक' आणि उलटं धावणारं घड्याळ काढून टाकलं. हे आता नुसतं वाईट वळण राहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली, तिथे १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यांतला पहिलाच. गंमत म्हणजे आमच्याकडे खरी टंचाई आहे. कुरडया उन्हाळ्यातच होतात. पाऊस लागला की सोऱ्या माळ्यावर जातो, आणि मोजून ठेवलेली पाकिटं संपली की पुढचा माल चैत्रातच. थीमच्या घड्याळाला तास, मिनिटं, सेकंद कळतात, चैत्र कळत नाही. त्या जागी मी एक साधी ओळ घातली: यंदाचा माल एवढाच.

डेमोतल्या तीन खूश गिऱ्हाइकांनाही निरोप दिला. भरतीचा लॅटिन मजकूर तर आधीच गेला होता, पण जाताना त्याने मला चकित केलं. थीममध्ये जिथे आपला मजकूर यायचा असतो तिथे 'लोरेम इप्सम'ने सुरू होणारं एक अगम्य लॅटिन असतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. तो निरर्थक मजकूर नाही. रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४५ साली लिहिलेल्या ग्रंथाचे ते मोडतोड केलेले तुकडे आहेत, आणि त्या ग्रंथाचा विषय आहे चांगलं आणि वाईट यांचं अंतिम टोक कोणतं. जगातल्या लाखो दुकानांत नीतिशास्त्राचा ग्रंथ खण भरायला ठेवलेला असतो आणि दुकान उघडायच्या आदल्या दिवशी पुसला जातो. यावर मी काही जास्त बोलत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले, ती म्हणजे मराठी. बहुतेक थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या असतात. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये ऐटीत अंतर सोडलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'कुरडया' हा शब्द चार विटांसारखा वेगवेगळा पडतो. दोन ओळींमधली जागा इतकी कमी असते की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं नाही तर काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. मित्र म्हणाला, एवढी कटकट कशाला, सरळ इंग्रजी ठेव, गिऱ्हाईक शिकलेलंच असणार. गिऱ्हाईक असेलही. पण दुकान मामीचं आहे. तिच्या नावाने जगाला जे सांगितलं जातंय ते तिला वाचता आलं पाहिजे. स्वतःच्या दुकानाची पाटी जिला वाचता येत नाही, तिला त्या पाटीवरच्या शब्दांबद्दल जबाबदार तरी कसं धरायचं? उद्या कुणी फोन करून म्हणालं, तुम्ही असं लिहिलंय, तर तिने काय माझा नंबर द्यायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडल्यासारखं वाटतं. थीम करणाऱ्याने जंगल लावलं, कारण त्याला कुणासाठी करतोय हे माहीतच नव्हतं. त्याचा दोष थोडा. लावणाऱ्याने वाचून ठेवलं की ते त्याचं झालं. माझ्या हातून साइट चढते म्हणून वाचायची जबाबदारी माझी, आणि मामीला वाचता येईल असं करणं हीदेखील माझीच.

साच्याबद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगते. शेजारी भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे, मातीकामासाठी ओळखला जातो. मातीकामात साचा वापरला म्हणून कप खोटा होत नाही. शंभर कप एकसारखे निघाले तरी प्रत्येकात माती तीच, भट्टी तीच. साच्याला मातीबद्दल काही म्हणायचं नसतं. आमच्या थीमला आमच्याबद्दल बरंच काही म्हणायचं होतं, म्हणून मी सगळ्यात अबोल थीम शोधली. फुकट, पांढरी, फोटो एक, शीर्षक एक. नावाखाली लगेच, त्याच आकाराच्या अक्षरांत: माजरी, तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनाही विकणाऱ्याचा पत्ता ठळकच हवा आहे, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मी काही फार पुण्यकर्म केलेलं नाही. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर त्याच्या खाली. मोहफुलाच्या लाडवांच्या पानावर, आणि फक्त त्याच पानावर, झाडाचा फोटो.

इथपर्यंत मला वाटत होतं की मला एक नियम सापडला: लाजायची गोष्ट असेल ती वर आण. मग आम्ही 'आमची टीम' या पट्टीपाशी आलो आणि नियम मोडला.

थीममध्ये चार गोल होते, आम्ही आठ केले. प्रत्येक गोलात फोटो, खाली नाव. एक काकू म्हणाल्या, "नाव टाक. आडनाव नको." कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. आडनाव वाचून लोक ताट सरकवतात. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. त्या तक्रारीमागे हाच दावा होता की, माझं अन्न कुणी शिजवलं हे कळण्याचा मला हक्क आहे.

धुळीबद्दल गिऱ्हाइकाचा हक्क मी मान्य केला. मग हा का नाही? कारण धूळ कुरडईत जाऊ शकते, आडनाव जाऊ शकत नाही. जे ताटात येतं ते सगळं विचारा: गहू कुठला, पाणी कुठलं, हात धुतले का. शिजवणारीचा जन्म ताटात येत नाही. तो विचारणाऱ्याला उत्तर न देणं म्हणजे पुटपुटणं नव्हे. पारदर्शक, पारदर्शक म्हणून जो जप चालतो त्यात ही गोष्ट विसरली जाते की काच दोन्ही बाजूंनी दिसते, आणि दगड आतल्या बाजूला बसलेल्यांना लागतो.

मला वाटलं, झालं. आडनावं नकोत.

पण गटातलीच दुसरी एक ताई उठून म्हणाली, "माह्यं टाक. लपवलं तं लपवण्यासारखं हाय असं होते. माह्या आडनावात लाजण्यासारखं काही नाही." तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिच्या मुलीचं बारावीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. ती आणि काकू एकाच वस्तीतल्या. दोघींना तोच अनुभव, आणि उत्तरं उलटी. आनंदवनच्या भाजीपाशी माझी जीभ जिथे अडखळली होती ती जागा हीच. निराधार भीतीपुढे नाव झाकायचं की नाव घेऊन उभं राहायचं, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये असं मला वाटतं. ज्याचं नाव आहे त्याने करावा. म्हणून मी म्हटलं, ज्यांना हवं त्यांचं आडनाव टाकू, ज्यांना नको त्यांचं नको.

मामीने चटणीचा डबा बंद करता करता मान हलवली. "पाच जणींचं आडनाव, तीन जणींचं नाही. मंग लोकायचा डोळा कुठं जाईन? त्या तिघींवरच ना."

ती म्हणते ते खरं आहे. आठ गोलांत पाच पूर्ण नावं आणि तीन अर्धी असली की अर्धीच जास्त मोठ्याने बोलतात. एकीचं स्वातंत्र्य दुसरीचं झाकण उघडं पाडतं. सगळ्यांची आडनावं काढली तर ताईचा हक्क जातो, सगळ्यांची टाकली तर काकूंचा. पट्टीच काढून टाकावी, तर आठ बायांचे चेहरे जातात, ज्यांच्यासाठी हे दुकान. सहा थीम धुंडाळल्या, एकीतही याला उत्तर नाही, आणि असणारही नाही.

साइट परवा सुरू झाली. आतापर्यंत चार ऑर्डरी आल्या, एक नाशिकहून. ऑटोच्या फोटोबद्दल एका गिऱ्हाइकाने विचारलं की भाडं किती पडतं, मामीने खरं ते सांगितलं आणि वर पेट्रोलच्या भावाबद्दल दहा मिनिटं बोलली. 'आमची टीम' ही पट्टी मी तूर्त बंद ठेवली आहे. शनिवारी गटाची बैठक आहे. आधी हप्त्याचे पैसे गोळा होतील, मग हा विषय निघेल.